हजेरीपटातले लाल ठिपके

सातारा,
रविवार, रात्र

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तू फोन ठेवल्यावर मी दोनदा तुझा नंबर लावला आणि पलीकडे वाजायच्या आत बंद केला. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तीस वर्षं पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गापुढे बोलण्यात गेली. काळजी वाटली की आवाज आपोआप चढतो, आणि तुला वाटतं आई रागावली. मी रागावलेले नाही, घाबरले आहे. म्हणून लिहितेय. समोरच्या काकूंचा मुलगा उद्या पहाटे पुण्याला निघतोय, त्याच्याकडे डिंकाच्या लाडवांचा डबा देतेय, त्यातच हे पत्र ठेवते. आधी एक लाडू खा, मग वाच.

तू किती सहज सांगितलंस. "एमआरआय केला आई, टिबियाला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, ग्रेड टू, फार नाही." नडगीच्या हाडाला चीर, आणि सांगणं स्कूटीला ओरखडा आल्यासारखं. आणि पुढच्याच वाक्यात, "पण मुंबई मी सोडणार नाही." डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे पळणं बंद सांगितलंय, आणि मुंबई मॅरेथॉनला आजपासून पाच आठवडे आहेत. ही वजाबाकी तुला येत नाही असं थोडंच आहे. मी नको म्हटलं, तर म्हणालीस, "गेल्या वर्षी टाच दुखत असताना तू घाट पळालीसच ना? दोन तास एक्केचाळीस काढलीस. तेव्हा तुला कोणी अडवलं होतं?" मला उत्तर सुचलं नाही आणि तू फोन ठेवलास.

त्या दोन एक्केचाळीसबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहिलीये. सांगणार आहे. पण त्याआधी एकच विचारते, तू पोटभर जेवतेस ना गं?

दिवाळीत तू चार दिवस होतीस. भाऊबीजेला पानात एक करंजी वाढली, ती अर्धी मोडून दादाच्या ताटात टाकलीस. वरणभातावर तूप घ्यायला गेले तर हात आडवा धरलास. पहाटे अंधारात उठून यवतेश्वरापर्यंत जाऊन आलीस, सोळा किलोमीटर म्हणालीस, आणि आल्यावर एक सफरचंद आणि काळी कॉफी. मी तेव्हा काही बोलले नाही. मुलगी चार दिवसांसाठी आलीये, तिच्या ताटावर कशाला नजर ठेवायची, असं मनाशी म्हटलं. आताही मी ताटावर बोलणार नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते. बघ, पहिल्याच पानावर तिथे आले.

मघाशी माझा हजेरीपट काढला. शाळेतून उरलेला, निळ्या पुठ्ठ्याचा, ज्यात मी पळण्याच्या नोंदी करते. पहिली नोंद जून २०१८ ची आहे. "शाहू स्टेडियम. चार फेऱ्या चालले, अर्धी पळाले. खूप दम लागला. छातीत कळ नाही." त्या वर्षी माझी साखर सीमारेषेवर आली होती, एचबीएवनसी ६.३, आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. तू दुसऱ्या वर्षाला होतीस. सुट्टीत इंटर्नशिपचे पहिले पैसे मिळाले त्यातून तू माझ्यासाठी बूट आणलेस, एक नंबर मोठे. मी म्हटलं पैसे वाया घालवलेस, सैल होतात. तू म्हणालीस, पळताना पाय सुजतात, बोटांना पुढे जागा लागते. तुला तेव्हाच हे सगळं कसं माहीत होतं! साडी नेसून शाळेत जाणाऱ्या बाईला ट्रॅकपँट घालून पोवई नाक्यावरून चालत जायचं म्हणजे काय वाटतं, ते तुला सांगून कळणार नाही. वाटेत पालक भेटायचे. मी मान खाली घालून चालायचे. तू म्हणायचीस, आई, मान वर, नाहीतर श्वास अडकतो.

पुढे आहे: "डिसेंबर. चार भिंतीच्या टेकडीपर्यंत न थांबता." या ओळीखाली मी दोन रेघा ओढल्यात. मग २०१९ च्या सप्टेंबरात आपली सातारा हिल हाफ, घाटातली एकवीस किलोमीटरची शर्यत, माझी पहिली. ३ तास १४ मिनिटं. त्या दिवसाची नोंद फक्त वेळेची आहे, पण मला तो सगळा दिवस पाठ आहे. पोलीस परेड ग्राउंडवर अंधार, भुरभुर पाऊस, ढोल वाजतायत, आणि बाबा छत्री धरून उभे. राजवाड्यापर्यंत मी उगाच जोरात पळाले. समर्थ मंदिर मागे पडून घाट सुरू झाला तेव्हा पायातला जीव गेला होता. एका वळणावर कठड्याला धरून उभी राहिले. खाली सगळं सातारा ढगात बुडालेलं. वाटलं, इथूनच परत फिरावं, कोणाला कळणार आहे? तेवढ्यात माझ्याहून मोठ्या एक बाई, साडीचा पदर खोचलेल्या, पायांत साधे कॅनव्हासचे बूट, शांतपणे चालत माझ्या पुढे गेल्या. मी त्यांच्या मागे चालायला लागले. वर पोचेपर्यंत चालतच होते. उतरताना गुडघे थरथरत होते, आणि समर्थ मंदिरापाशी तू उभी होतीस, हातात लिंबूपाण्याची बाटली. चपला घालून माझ्याबरोबर पळत निघालीस, थेट परेड ग्राउंडपर्यंत. शेवटी चप्पल तुटली तर हातात घेतलीस. मेडल माझ्या गळ्यात पडलं, पण बाबांनी काढलेल्या फोटोत रडतेयस ती तू.

म्हणून मला तुझ्या फुल मॅरेथॉनचं कौतुक नाही असं समजू नकोस. तू १ तास ५२ मिनिटांत हाफ केलीस तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते, तुला सांगितलं नव्हतं. मुंबईला तुझ्या गळ्यात ४२ किलोमीटरचं मेडल पडावं, हे तुझ्याइतकंच माझंही मागणं आहे. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, ३५ किलोमीटरच्या पुढे, तिथे मी लिंबूपाणी घेऊन उभी राहायचं हे माझं मनात ठरलेलं आहे. बाबांनी तर दादरच्या मावशीला फोन करून आदल्या रात्रीचं सांगूनसुद्धा ठेवलंय.

त्यानंतरच्या वेळा बघ. कोरोनाची दोन वर्षं कोरीच. २०२२ ला २:५८. २०२३ ला २:४९. तू विचारलं होतंस, आई, या वयात पंचवीस मिनिटं कुठून कमी केलीस? मी तेव्हा म्हणाले होते, सराव. ते अर्धंच खरं आहे. आता हजेरीपट नीट वाचल्यावर दिसतं की पळण्याचे दिवस फारसे वाढलेच नाहीत, आठवड्याला चारच. वाढलं ते खाणं आणि झोप. पहिली दोन वर्षं मी पहाटे उपाशीपोटी पळायचे, कारण वजन कमी करायचं होतं. आल्यावर डोकं दुखायचं, शाळेत तिसऱ्या तासाला डोळ्यांपुढे अंधारी यायची, मुलांवर खेकसायचे. मग आपल्या पहाटेच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त सुभेदारांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, गाडीत तेल न घालता घाट चढवता का?" तेव्हापासून निघण्याआधी खजूर आणि केळं, आल्यावर तासाभरात भाकरी, पिठलं, दही. लाँग रनच्या आदल्या रात्री भात दोनदा घेते. वजन दोन किलोंनी वाढलं आणि घाटात मी आधीपेक्षा लवकर वर पोचले. तीव्र वळणावर पळायचं नाही, भरभर चालायचं, सपाटी आली की पळायचं, हेही तेव्हाच शिकले. उतारावर ब्रेक लावत आलं की मांड्या फाटतात, पाय हलके सोडायचे, हेही.

आता ते दोन एक्केचाळीस.

२०२४ च्या जुलैपासून माझी उजवी टाच दुखत होती. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की काच टोचल्यासारखं. फिजिओने सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. मी तीन आठवडे ऐकलं. शर्यतीच्या सकाळी तू पुण्याहून येऊन परेड ग्राउंडवर उभी होतीस, आणि मी बाथरूममध्ये जाऊन एक दुखण्याची गोळी घेतली होती. तुला सांगितलं नाही, बाबांनाही नाही. वर पोचले तेव्हा टाच बधिर होती, म्हणून उतारावर मोकाट सुटले. २:४१. तू मला उचललंस. लोकांनी फोटो काढले. आणि पुढचे चार महिने मी स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहू शकले नाही. तू फोनवर विचारायचीस, पळतेस ना? मी म्हणायचे, हो, हळूहळू. ते खोटं होतं. हजेरीपटात ते चार महिने कोरे आहेत, येशील तेव्हा बघ. दुखण्याची गोळी घेऊन, घाम गाळून, कमी पाणी पिऊन पळलं की किडनीवर येऊ शकतं, हेही मला नंतर कळलं. यंदा २:५२ लागली. म्हणजे तू माझी जी वेळ मनात धरून हट्ट करतेयस, ती मी तुझ्यापासून लपवलेल्या दुखण्यावर काढलेली आहे. तेव्हा मला कोणी अडवलं नाही, कारण मी कोणाला कळूच दिलं नाही. याबद्दल मला माफ कर. आईने जे केलं ते मुलगी करते, हे माहीत असून मी तुला ते दाखवलं.

एवढं लिहून मी उठले, दूध तापवलं, परत येऊन बसले. पाय हा विषय माझ्या मनात मुळात नाहीच, चिऊ. नडगीची चीर भरून येईल, सहा नाही तर दहा आठवड्यांत. ती पडली कशामुळे, ते मला झोपू देत नाहीये.

गणपतीत गौरी बसायच्या आदल्या दिवशी मी तारखा मोजत होते. आत्या घरात असते, तिला ते सगळं लागतं, म्हणून मी तुला हळूच विचारलं की तुझी तारीख कधी आहे. विचारणं चुकलंच माझं. तू हसून म्हणालीस, "माझं काही टेन्शन घेऊ नकोस आई, मी सुटलेय त्यातून." मला वाटलं पुढे-मागे झाली असेल. गौरींना तूच साडी नेसवलीस, किती सुंदर नेसवलीस. पण तेव्हा मी तुझ्यासाठी पॅडचं एक पाकीट आणून मधल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं होतं. दिवाळीत तू गेल्यावर कपाट आवरलं, तर ते पाकीट तसंच होतं, न फोडलेलं. तू पुण्याहून आपलं आणत असशील, असंही मनाला सांगून पाहिलं. मग तुझं वाक्य आठवलं, सुटलेय.

किती महिने झाले, चिऊ?

हे मी फोनवर विचारू शकले नसते. माझ्या आईने मला कधी विचारलं नाही, सांगितलंही नाही. १९८४ साली मी कोरेगावला नववीत होते. पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं ते त्याच वर्षी, आणि आमच्या शाळेतल्या सगळ्या मुली मैदानावर अडथळे म्हणून दप्तरं मांडून उड्या मारायच्या. त्या हिवाळ्यात तालुक्याच्या स्पर्धेत आठशे मीटरला माझं नाव दिलं होतं. स्पर्धेच्या सकाळी मला कावळा शिवला. आजीने मागच्या पडवीत गोधडी टाकून दिली आणि शाळेत निरोप पाठवला, ताप आलाय. मी तिथे बसून लांबून येणारा मैदानावरच्या शिट्टीचा आवाज ऐकला. आयुष्यात मी शर्यत अशी त्यानंतर पस्तीस वर्षांनी पळाले. त्याच लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्याआधी एवढं अंतर बायकांच्या शरीराला झेपायचं नाही, असंच म्हणत असत. मी तेव्हाच ठरवलं होतं, मला मुलगी झाली तर तिला कधी पडवीत बसवणार नाही. नाहीच बसवलं. पण पाळी म्हणजे कटकट, अडथळा, ती नसली तर बरंच, हे कुठून तरी तुझ्यापर्यंत पोचलंच. मी गौरीच्या वेळी तारखा मोजत होते, म्हणजे माझ्याकडूनच पोचलं असेल.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कराडला फिजिओथेरपिस्ट आहे. दिवाळीनंतर मी तिला फोन केला, तुझं नाव न घेता. तिने मला तासभर समजावलं. शरीरात येतं त्यापेक्षा पळण्यात जास्त जायला लागलं की शरीर घरातल्या कारभारणीसारखं वागतं, पैसा कमी पडला की आधी कुठला खर्च थांबवायचा ते ठरवतं. मेंदूकडून येणारा पाळीचा हुकूम सगळ्यात आधी थांबतो. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होतं, आणि इस्ट्रोजेन हाडांची राखण करतं. मग रोजच्या पळण्याने हाडाला ज्या बारीक चिरा पडतात त्या रात्रीत भरून निघत नाहीत. म्हणजे पाळी थांबणं आणि नडगीला चीर पडणं हे एकाच घरातलं असू शकतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलंय. तिने सांगितलं की पुरुषांनाही होतं, फक्त बायकांना पाळीमुळे आधी इशारा मिळतो. इशारा, चिऊ. तू त्याला सुटका समजलीस.

तिने मला मेरी केनचं सांगितलं. अमेरिकेची मुलगी, २०१३ साली सतरा वर्षांची असताना जागतिक स्पर्धेत १५०० मीटर पळाली. मग तिला बारीक हो, आणखी बारीक हो, असं सांगण्यात आलं. तीन वर्षं पाळी बंद, पाच हाडं मोडली. २०१९ मध्ये तिने हे सगळ्या जगासमोर सांगितलं. मी ते वाचलं तेव्हा ती मला कोणाची तरी लेक दिसली, आणि वाटलं, तिच्या आईने कपाट आवरलं असेल का?

मी तुला बारीक हो म्हटलं नव्हतं. पण गणपतीत दारात पाय ठेवलास तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय आलं ते मला आठवतं. "अगं बाई, किती बारीक झालीस, छान दिसतेस!" काकू, आत्या, सगळ्यांनी तेच म्हटलं. आणि माझे कमी झालेले अकरा किलो मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेत, तुझ्यासमोर. माझ्या वयात, माझ्या साखरेसाठी ते ठीक होतं. तुझं वय साठवण्याचं आहे. हाडांची जमा पंचविशी-तिशीपर्यंत होते, त्यानंतर खर्चच चालू.

यातलं आणखी एक मी तुला सांगितलेलं नाही. कोरेगावची आजी एकाहत्तराव्या वर्षी न्हाणीत पडली, खुबा मोडला, ते तुला आठवतं. तू सातवीत होतीस, तिच्या पायाशी बसून गोष्टी वाचायचीस. डॉक्टर म्हणाले होते, पडल्यामुळे हाड मोडलं की हाड मोडल्यामुळे पडल्या, सांगता येत नाही. ती परत चालली नाही. माझी पाळी गेल्यावर मी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घेतली. टी-स्कोर उणे १.९. म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीयेत, ठिसूळ अजून नाहीत. म्हणून तर जिने, वजनं, नाचणी हे सगळं चालू केलं. तुला काळजी नको म्हणून बोलले नव्हते. आता बोलते, कारण आजी, मी आणि तू, आपली हाडं एकाच मातीची आहेत. माझी पन्नाशीनंतर विरळ झाली. तुझं हाड सव्विसाव्या वर्षी चिरलंय.

हे वाचून तू म्हणशील, आईने शिकवणी घेतली. हो, घेतली. माफ कर. लिहितानाही आवाज चढतोच.

तुला आठवतं, २०१६ चा १५ ऑगस्ट? तू बारावीत. सकाळी मी शाळेत झेंडावंदनाला, आणि संध्याकाळी आपण तिघी टीव्हीपुढे, तू, मी आणि आजीचा फोटो. रिओ ऑलिंपिकची स्टीपलचेसची, अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची मुलगी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत. ती दहावी आली आणि तू म्हणालीस, "दहावी म्हणजे जगात दहावी, आई!" मग सोफ्याच्या उशा मांडून हॉलभर उड्या मारल्यास, बाबा म्हणाले अभ्यास कर. मला तू अशी आठवतेस. मोबाईलवर भाताचे ग्रॅम लिहिणारी नाही. दिवाळीत ते पाहिलं होतं मी, वाटीखाली काटा ठेवला होतास. तेही बोलायचं नव्हतं.

ललिता मुंबई सलग तीनदा जिंकली, भारतीय बायकांमध्ये, २०१२ पासून २०१४ पर्यंत. मुंबई दर जानेवारीत येते. हे तुला समजावायला लिहिलं आणि आता वाटतंय, तुला हे ऐकायचं नसणार. पाच महिने तू पाषाणच्या रस्त्यावर पहाटे एकटी पळालीस. बत्तीस किलोमीटरचा लाँग रन झाल्यावर मला व्हॉइस मेसेज पाठवलास, धापा टाकत, हसत. मी तो अजून ठेवलाय, शाळेत मधल्या सुट्टीत ऐकते. ते सगळं पाच आठवडे आधी हातातून सुटणं म्हणजे काय, हे मला कळतं. त्या चार कोऱ्या महिन्यांत मी खिडकीतून पहाटेचा ग्रुप जाताना बघायचे आणि बाबा कळून न कळल्यासारखं करून चहा आणून ठेवायचे. तो राग खरा असतो. तो माझ्यावर काढ, चालेल. पायावर काढू नकोस.

मी काय मागतेय ते लिहिते. हाडांच्या डॉक्टरांना तू पाळीचं सांगितलेलं नाहीस, हे मला तू न सांगता कळतंय. त्यांना सांग. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, एकटीने नको वाटलं तर मी येते. डी थ्री, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, थायरॉइड, जे सांगतील ते तपासून घे. पाळी परत यावी म्हणून नुसती गोळी देऊन मोकळं करणारे भेटतील. कराडची ती म्हणाली की गोळीने येणारा रक्तस्राव म्हणजे शरीर सावरलं असं नाही, खाणं वाढून आपोआप आली पाहिजे. पाय जड वाटत असेल तर डॉक्टर परवानगी देतील तेव्हा पाण्यात उतर, पोहणं तुला लहानपणापासून येतं. आणि तूप. एवढं एकदा लिहू दे, तूप.

मुंबईचा निर्णय तुझा आहे. सकाळी मी नको म्हटलं, तसं म्हणायचा हक्क मी आज तुला खरं सांगितल्यावरच मला आहे, म्हणून पुन्हा म्हणते, या जानेवारीत नको. पण मी तुझ्याशी बोलणं बंद करणार नाही, तू काहीही ठरवलंस तरी.

बाबांना मी अजून फक्त पायाचं सांगितलंय. ते काही बोलले नाहीत. उठून तुझ्या खोलीतले ते जुने चॉकलेटी बूट पुसून ठेवले, का ते मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळच्या सहाच्या विनाथांब्याने निघते, नऊपर्यंत स्वारगेटला पोचेन. घ्यायला येऊ नकोस, पायावर ताण नको, मी रिक्षाने येते. हजेरीपट बरोबर आणतेय. माझी पाळी चालू होती तोवर मी त्यात तारखेखाली लाल शाईचा ठिपका द्यायचे, किलोमीटरच्या शेजारी. २०२१ च्या मार्चमध्ये शेवटचा ठिपका आहे. तो पाहून मला त्या वेळी वाईट वाटलं होतं, कोणाला सांगितलं नाही. मागची पानं कोरी आहेत. तुझ्या महिन्यांसाठी मी रकाने आखून ठेवलेत, पळण्याचा रकाना सध्या ठेवलेला नाही, जेवणाचा, झोपेचा आणि ठिपक्याचा आहे. नको वाटलं तर फाडून टाक.

पत्राचं उत्तर लांबलचक नको. शेवटची तारीख कोणती होती, तेवढी एक मला मेसेजवर पाठव. आठवत नसेल तर आठवत नाही असंच पाठव.

तुझी,
आई

ता. क. लाडवात खारीक आणि खसखस जास्त घातलीये, साखर नाही, गूळ आहे. एकूण एकवीस आहेत. दादाला देऊ नकोस, त्याचे वेगळे केलेत.